निवडुंगाच्या माळावरचा कारखाना : किर्लोस्करवाडीचा इतिहास

किर्लोस्करवाडीचा इतिहास १० मार्च १९१० पासून सांगण्याची पद्धत आहे. त्या दिवशी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ३२ एकर माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना मांडायला घेतला. स्मरणिकांमधून हा दिवस स्वप्नपूर्तीचा दिवस म्हणून येतो. वस्तुस्थिती जरा वेगळी होती. बेळगावातल्या जागेवर नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती आणि कारखान्याला तिथून उठणे भाग होते. यंत्रे, माणसे आणि अर्धवट तयार झालेला माल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. लक्ष्मणराव माळावर आले ते बिऱ्हाड पाठीवर घेऊन. वाडीच्या पुढच्या काळात ज्या गोष्टींचे आपण कौतुक करतो, त्यांतल्या बहुतेक अशाच कुठल्या ना कुठल्या अडचणीतून निघाल्या. मोठा विचार आधी झाला आणि मग त्याप्रमाणे काम झाले, असे इथे फार थोड्या वेळा घडले आहे. म्हणून या लेखात सनावळीपेक्षा अडचणींचा माग काढायचे ठरवले आहे.

पहिली अडचण खुद्द लक्ष्मणरावांच्या डोळ्यांची. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वातावरण वेदान्ताचे, पण मुलाचे सगळे लक्ष चित्रांत आणि चाकांत. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथे कळले की काही रंग त्याला ओळखूच येत नाहीत. चित्रकार होण्याचे दार बंद झाले. राहिले ते यांत्रिक रेखाटन, ज्याला रंग लागत नाहीत. त्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले.

नोकरीत असतानाच त्यांनी सायकलचा नाद केला होता. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दुकानाचे. कंपनी आपला जन्म १८८८ चा धरते तो या सायकलींपासून. रामूअण्णा सायकल विकत तर असतच, पण ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, पण मला ती महत्त्वाची वाटते. ज्या गावात सायकल कुणी पाहिलेली नाही, तिथे नुसती वस्तू विकून भागत नाही. ती वापरणारा माणूसही घडवावा लागतो आणि त्या घडवण्याला मोल असते. नांगराच्या बाबतीत हाच धडा किर्लोस्करांना पुन्हा, आणि चांगलाच महागात, शिकावा लागला.

लक्ष्मणराव बेळगावात परतल्यावर आधी पवनचक्क्यांची एजन्सी झाली, मग कडबा कापण्याचे यंत्र झाले. हे स्वतः बनवलेले पहिले यंत्र. त्यानंतर लोखंडी नांगर.

या नांगरापाशी जरा थांबले पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. मोडला की तोच नीट करी, लोहार फाळ शेवटून देई, आणि या सगळ्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने खळ्यावर जाई. शेतकऱ्याच्या खिशातून रोख पैसा असा निघतच नसे. हा नांगर जमीन चिरत जातो, उलटवत नाही. काळ्या रानात हराळी आणि कुंदा माजला की मुळ्या खालीच राहतात आणि चार-सहा बैलजोड्या जुंपूनही रान निर्मळ होत नाही. लोखंडी नांगर तास घेताना ढेकूळ उचलून पालथे घालतो. खालची माती वर येते, तणाची मुळे उन्हात पडून वाळतात. यंत्र म्हणून त्याची बाजू बिनतोड होती. तरीही पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

का लागली? ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे कारण नेहमी दिले जाते, आणि समजूत होतीही. पण सगळा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलणे हे कारखानदाराच्या सोयीचे आहे. शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. बलुत्यात मिळणारी वस्तू टाकायची, रोख पैसे मोजायचे, आणि ऐन नांगरटीत काही मोडले तर गावातल्या कुणालाच ते दुरुस्त करता येणार नाही. असा सौदा करायला शहाणा माणूस कचरणारच. त्याची भीती खोटीही ठरली नाही. सुरुवातीच्या गिऱ्हाइकाने नेलेले नांगर तक्रारीसह परत आले. फाळाची टोके लवकर बोथट होत होती.

लक्ष्मणरावांचा मोठेपणा मला या ठिकाणी दिसतो. परत आलेला माल त्यांनी गिऱ्हाइकाची कटकट मानला नाही. परदेशी तांत्रिक मासिके वाचून, ओतकामात फेरफार करून, पुन्हा पुन्हा साचे बदलून त्यांनी बिडाचा फाळ कठीण करण्याची हातोटी मिळवली. नांगर एकदा विकला जातो, पण फाळ झिजतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाशी संबंध टिकवण्यावाचून हा धंदा चालणारच नव्हता. गावोगाव नांगर नेऊन रानात चालवून दाखवायचा, सुटे भाग वेळेवर पुरवायचे, शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे, हे सगळे त्या बोथट फाळाने शिकवले. नव्या यंत्राची कल्पना अनेकांना सुचते. ते यंत्र ज्याच्या हातात जायचे, त्याचा धोका कमी करण्याची खटपट फार थोडे करतात. किर्लोस्करांचा खरा शोध हा, असे माझे मत आहे. या नांगरामुळे गावच्या सुतार-लोहारांच्या बलुत्याला धक्का बसला, हीसुद्धा याच इतिहासाची बाजू आहे. तिची नोंद आजवर कुणी आस्थेने केलेली नाही.

बेळगाव सोडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव औंधला एका बांधकामावर होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे भोक्ते. त्यांना एक नाटकगृह बांधून हवे होते आणि ते काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते. दोघांची ओळख जुनी. कारखान्यावर आलेले संकट कानावर पडताच पंतांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी उभे करून दिले. औंध हे संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे सातारा-सांगली-विजापूर पट्ट्यात विखुरलेले होते. कुंडल हा त्यातलाच एक तुकडा, आणि त्याच्या जवळून रेल्वे जात होती. नांगरासारख्या जड मालाला रुळ जवळ असणे हेच मोठे भांडवल. पंतांनी जागा दिली हे खरे, पण स्टेशनालगतची जागा निवडली गेली म्हणून वाडी तगली.

जागा मात्र कशी? फड्या निवडुंगाने भरलेली, खडकाळ, सापांची, पाण्याची मारामार असलेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातच निवडुंगाला जागा दिली, ती उगाच नव्हे. पहिली बिऱ्हाडे झोपड्यांतून आणि पत्र्याच्या आडोशांतून पडली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढाच तो संसार. दिवसा निवडुंग तोडायचा, पाया खणायचा, बेळगावहून आलेली यंत्रे बसवायची. दुकान जवळ नाही, डॉक्टर नाही, शाळा नाही. अशा ठिकाणी कामगाराला टिकवायचे तर त्याच्या घराची, पाण्याची, मुलांच्या शिक्षणाची सोय कारखान्यालाच करावी लागते. इंग्लंडात कॅडबरीने बोर्नव्हिलला आणि लीव्हरने पोर्ट सनलाइटला कामगारांच्या वसाहती उभारल्याचे लक्ष्मणरावांनी वाचले होते. त्यांनी त्या नमुन्यावर विचार केला हे खरे, पण नमुना ठाऊक नसता तरी या माळावर दुसरे काही करणे शक्य नव्हते.

माणसे जमवली तीही अशीच, मिळतील ती. रामूअण्णा येऊन वसाहतीची व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकर वसाहतीतल्या पाण्यापासून औषधपाण्यापर्यंत पडेल ते काम अंगावर घेत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. अनंतराव फळणीकर आणि के. के. कुलकर्णी हे दोघे शाळेच्या मापाने नापास झालेले तरुण. एकाचा हात यंत्रात बसला, दुसऱ्याची जीभ विक्रीत. शाळेने ज्यांना निकामी ठरवले त्यांच्यातले नेमके काय कामाचे आहे, ते ओळखण्याची दृष्टी लक्ष्मणरावांकडे होती. अर्थात, पदवीधर माणूस त्या काळी असल्या माळावर यायला तयारही झाला नसता.

राखणीला माणसे हवी होती. लक्ष्मणरावांनी औंधच्या तुरुंगातले कैदी मागितले. दरोड्याच्या प्रदेशात कारखान्याच्या मालावर कैद्यांनी पहारा करायचा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला वेडेपणाची वाटली असणार. त्यांनी इमानाने नोकरी केली. याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली आणि ती देशभर गाजली. वाडीच्या पहाऱ्यातून स्वतंत्रपूर सुचले असे म्हणायला माझ्याजवळ आधार नाही. पण माणसावर भरवसा टाकून पाहण्याची हवा त्या संस्थानात आधीपासून खेळत होती, एवढे नक्की म्हणता येते.

अस्पृश्यतेचे तसेच. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. घरच्या सोवळ्याचे संस्कार त्यांनी केव्हाच सोडले होते. पण दंडक काढणे सोपे आणि पाळला जाणे अवघड, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला सांगायला नको. वाडीत तो पुष्कळसा पाळला गेला, कारण ओतशाळेत काम करणाऱ्यांना जात पाळून चालत नाही. वितळलेल्या बिडाचे भांडे दोघांनी उचलायचे असते आणि दोघांची पावले एकाच तालात पडावी लागतात. पलीकडच्या दांडीला कोण आहे हे पाहायला तिथे सवड नसते. कामावरची ही सवय नळापर्यंत आणि घरापर्यंत नेणे हे मात्र मालकाच्या आग्रहाचे काम होते आणि तो आग्रह लक्ष्मणरावांनी धरला. दोन्ही गोष्टी लागतात. नुसते भट्टीवर सोडले असते तर जात फाटकाबाहेर थांबून संध्याकाळी पुन्हा अंगात शिरली असती.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि परदेशी माल बंद झाला. परदेशी नांगर येईनासे झाले म्हणून किर्लोस्करांच्या नांगराला मागणी आली, आणि त्याच वेळी लोखंड, दगडी कोळसा, रंग यांची टंचाई झाली म्हणून तो बनवणे अवघड झाले. भट्टी लोणारी कोळशावर चालते का, याचे प्रयोग झाले. लोखंडासाठी भंगार गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफांचे नांगर झाले या घटनेवर भाषणांतून पुष्कळ टाळ्या पडल्या आहेत. ओतशाळेतल्या माणसांना त्या वेळी फक्त बीड हवे होते.

युद्ध संपल्यावर, १९२० साली, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या दृष्टीने वाडीच्या इतिहासात नांगराच्या खालोखाल तिचाच मान आहे.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, चित्रकला शिकलेले होते. पंडित सातवळेकरांच्या हाताखाली लाहोरला त्यांनी धडे घेतले होते. वाडीत त्यांच्याकडे जाहिरात आणि विक्री आली. यादीपत्रके छापायला छापखाना होताच. एजंटांना आणि गिऱ्हाइकांना नव्या मालाची माहिती द्यावी म्हणून त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. नाव ‘खबर’, काम कारखान्याची बातमी पोचवण्याचे. अशी पत्रके तेव्हाही निघत, आजही निघतात, आणि लोक ती न वाचता बाजूला ठेवतात.

शंकररावांना हे ठाऊक होते. चित्रकाराची नजर आणि विक्रेत्याची घाई एका माणसात असल्याचा इथे फायदा झाला. माणूस पत्रक वाचत नाही, पण आपल्याविषयी काही लिहिले असेल तर वाचतो. मग ‘खबरी’त धंदा कसा करावा, हिशेब कसा ठेवावा, परदेशात शेतकरी काय करतो, आरोग्य कसे राखावे हे येऊ लागले. त्यामागून गोष्टी आल्या, व्यंगचित्रे आली, वाद आले. बघता बघता नांगराच्या जाहिरातीचे पान मागे पडले आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या हातात ‘किर्लोस्कर’ नावाचे मासिक आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे कडक लेख १९३०च्या दशकात याच मासिकातून छापले गेले. धर्मभोळ्या वाचकाला ते झोंबत. वर्गणीदार चिडले, नाराज झाले, पण मासिक चालत राहिले.

१९३० साली ‘स्त्री’ निघाले आणि १९३४ साली ‘मनोहर’. पुण्या-मुंबईच्या बाहेर, एका माळावरच्या कारखान्याच्या आवारातून, केवळ स्त्रियांसाठी मासिक काढायचे आणि ते चालवून दाखवायचे, हे आज वाटते त्यापेक्षा फार धाडसाचे होते. स्त्रियांचे शिक्षण, त्यांची कमाई, नको असलेली लग्ने, विधवांचे जगणे हे विषय घराघरांत उघड्यावर आले. पोस्टमनच्या थैलीतून हे मासिक माजघरात जाई, आणि ज्या घरात बायकांनी सभेला जाणे शक्य नव्हते तिथेही ते शिरे. ‘स्त्री’ पन्नासहून अधिक वर्षे चालले. शेवटच्या काळात विद्या बाळ त्याच्या संपादक होत्या, आणि ते सुटल्यावर त्यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. वाडीच्या छापखान्यात पडलेले बी असे दुसऱ्या शेतात उगवले.

समाज कशाने बदलतो, यावर आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आधी विचार बदलतात आणि मग व्यवहार. दुसरा म्हणतो, पोटापाण्याची साधने बदलली की विचार आपोआप बदलतात. ‘किर्लोस्कर’ मासिकांकडे पाहिले तर दोघांचीही पंचाईत होते. ती निघाली नांगर खपावेत म्हणून, म्हणजे पहिल्या पंथाचे खरे नाही. आणि ती नुसत्या नांगराच्या खपावर थांबली नाहीत, कारण मध्ये शंकरराव नावाचा एक माणूस होता, ज्याला जाहिरातीच्या पानापेक्षा जास्त काही सांगायचे होते. म्हणजे दुसऱ्याचेही पुरते खरे नाही. धंद्याने वाट करून दिली आणि त्या वाटेने कोण काय घेऊन गेला, यावर पुढचे ठरले. शंकररावांच्या जागी नुसता हिशेबी विक्री-अधिकारी असता तर ‘खबर’ पाच-सात वर्षांत बंद पडली असती आणि आज कुणाला तिची आठवणही राहिली नसती.

यानंतरची कारखान्याची वाढ थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र तपशीलवार आली आहे. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप यांनी नांगराला जोड दिली. १९२६ साली वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच सुमारास लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून इंजिनियर होऊन आले आणि बापाच्या हातोटीला मोजमापाची शिस्त लागली. मंदीच्या काळात लोखंडी फर्निचरही बनले. १९४१ मध्ये हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा. घराण्याचा उद्योग पसरला आणि त्याचा मध्य हळूहळू पुण्याकडे सरकला. मासिकेही पुढे पुण्याला गेली. वाडी मूळ ठिकाण म्हणून मागे राहिली.

१९४२ ची आठवण मात्र त्रोटक करता येत नाही. कुंडल हे जी. डी. बापू लाडांचे गाव. प्रतिसरकारच्या चळवळीचा हा ऐन मुलूख, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांचे येणेजाणे याच शिवारातून चाले. संस्थानी हद्द असल्याने ब्रिटिश पोलिसांना इथे लगेच हात घालता येत नसे. वाडीतल्या तरुणांना ही हवा लागली नसती तरच नवल. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे हुतात्मे झाले त्यांत उमाशंकर पंड्या होते. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते. गुजराती नावाचा माणूस, यंत्रावर काम करणारा, चांगली नोकरी असलेला, वाळव्याच्या शेतकऱ्यांबरोबर मोर्चात पुढे चालत गेला. वाडीने माणसे कशी घडवली याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि त्यानंतर साडेपाच वर्षांनी वाडी जळाली. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, खुनी ब्राह्मण होता, आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे-दुकाने पेटवण्याची लाट आली. ती किर्लोस्करवाडीवरही आली. ज्या कारखान्यात शिवाशीव नव्हती, ज्याच्या इंजिनियराने स्वातंत्र्यासाठी गोळी खाल्ली, त्याला मालकाच्या जातीसाठी आग लावली गेली. अन्याय झाला, यात शंका नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. कुंपणाच्या आत वाडीने जे घडवले ते खरे होते. कुंपणाबाहेरच्या गावांशी तिचे नाते प्रामुख्याने मालक आणि मजुराचे, विक्रेता आणि गिऱ्हाइकाचे राहिले. नळाचे पाणी, शाळा, दिवे, स्वच्छ रस्ते आत होते. बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते कसे दिसत असेल, हा प्रश्न आत बसून पडत नाही. मालकाच्या सद्बुद्धीवर चालणाऱ्या प्रत्येक वसाहतीची ही मर्यादा आहे, मग मालक कितीही थोर असो.

कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांनी ते पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९६९ साली जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. शंकरराव १९७५ पर्यंत आणि शंतनुराव १९९४ पर्यंत होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आज पंप बनतात, आणि मोठमोठ्या पाणीपुरवठा व उपसा योजनांना लागणारे अजस्र पंपही इथून गेले आहेत. पलूस-कुंडल परिसरातल्या कित्येक घरांत तीन-चार पिढ्या याच कारखान्यात कामाला लागल्या. ओतकाम, लेथ, पॅटर्न बनवणे या कसबांवर उभी राहिलेली छोटी वर्कशॉप या भागात सापडतात. कंपनीच्या ताळेबंदात त्यांची नोंद कधीच होणार नाही.

हा इतिहास लिहिताना एक उणीव सतत जाणवली. लक्ष्मणराव, रामूअण्णा, जांभेकर, रेगे, शंकरराव यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. पहिल्या झोपड्यांत चूल मांडणाऱ्या बायकांची नावे कुठेच नाहीत. पहिल्या पंचवीस कामगारांची पुरी यादी छापलेली मला आढळली नाही. फाळ बोथट झाला म्हणून नांगर परत आणणाऱ्या शेतकऱ्याला तर या कारखान्याचा पहिला परीक्षक म्हणून मान द्यायला हवा होता. या गोष्टी कागदावर राहिल्या असतील तर त्या आता घरांतच असतील: जुनी पगारपत्रके, नांगराचे यादीपत्रक, ‘खबरी’चा एखादा सुटा अंक, वसाहतीतल्या लग्नाचा फोटो, आजीने सांगितलेली हकिकत. वाचकांना विनंती आहे की, घर आवरताना हे कागद रद्दीत आणि अंगणातला जुना नांगर भंगारात घालू नका. स्मरणिका समितीकडे या वस्तू दाखवायला आणा. छायाचित्र आणि नक्कल काढून मूळ वस्तू तुमची तुम्हाला परत मिळेल. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीतली माणसे आहेत त्यांनी त्यांना बोलते करून दोन पाने लिहून घ्यावीत. पुढच्या स्मरणिकेतला इतिहास त्या पानांवरून लिहिता येईल.